न संपणारी झुंड

काका उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत धरूनच आत आले, त्यामुळे निदान मला जवळजवळ दारातच झाले होते. अंगठा मुठीत मिटायला सांगून मनगट करंगळीच्या दिशेने हलकेच झुकविले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर उमटलेली कळ उरलेली शंका फेडून गेली. अंगठा हलविणाऱ्या दोन कंडरा मनगटापाशी एका अरुंद आवरणातून सरकत असतात. तेच ते काम वारंवार करून आवरण जाडावले, की कंडरा आत घासू लागतात आणि साधे कुलूप उघडणेही जीवघेणे होते. स्वित्झर्लंडचे शल्यविशारद फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ मध्ये या विकाराचे वर्णन केले आणि त्यांचेच नाव त्याला पडले.

हा आजार मी सहसा तान्हे मूल दिवसभर उचलणाऱ्या आयांमध्ये पाहतो. एकोणसत्तर वर्षांच्या निवृत्त गृहस्थांना तो कशाने व्हावा, याचे उत्तर मी मनाशी आधीच ठरवून टाकले होते. काकूंना अल्झायमर होऊन पाच वर्षे झाली आहेत. त्यांना उठविणे, बसविणे, न्हाणीघरात नेणे, कूस बदलणे हे सारे काका एकट्याने करतात. मुलगा दुसऱ्या शहरात असतो. "काकूंना उचलताना अंगठ्यावर भार येत असेल," असे मी म्हणालो, तेव्हा काकांनी मान खाली घातली.

"तसं नाही डॉक्टर. झोंबी."

क्षणभर मला काहीच कळेना. माझ्या पिढीच्या मराठी वाचकाला 'झोंबी' म्हटले की आनंद यादवांचे पुस्तक आठवते, नाहीतर आखाड्यातली धरपकड. या वयात हे कोणाशी झोंबी घेताहेत? मग त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि शाळकरी मुलाने प्रगतिपुस्तक पुढे करावे तसा तो माझ्यापुढे धरला. दिवाळीच्या सुट्टीत आलेल्या नातवाने तो खेळ त्यांच्या फोनवर घालून दिला होता. आता रात्री काकू झोपल्या की साडेदहापासून एक-दीड वाजेपर्यंत, कधी त्याच्याही पुढे, काका चालती प्रेते मारीत बसत असत. रक्तदाब १५६/९४ होता, डोळे लाल आणि कोरडे होते, आणि झोप जेमतेम साडेचार तास होती.

ओळख पटू नये म्हणून मी काही तपशील बदलले आहेत आणि खेळाचे नाव मुद्दामच देत नाही. त्याच्यासारखे शेकडो खेळ आहेत, आणि नाव सांगितले तर दोष तेवढ्याच एका खेळाचा आहे असा समज व्हायचा.

ज्या वाचकांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. झॉम्बी ही कल्पना मूळची हैतीमधली. मृताला उठवून गुलाम म्हणून राबविणे, ही तिथल्या गुलामगिरीच्या इतिहासातून आलेली भीती आहे. जॉर्ज रोमेरो या अमेरिकी दिग्दर्शकाच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' या १९६८ सालच्या चित्रपटाने तिला आजचे रूप दिले : पाय ओढत चालणारी, माणसे खाणारी, न संपणारी झुंड. आपल्याकडे २०२२ मध्ये 'झोंबिवली' हा चित्रपट आला आणि हा शब्द मराठी घरांतही रुळला. खेळात करायचे एवढेच, की समोरून येणाऱ्या या झुंडीला बंदुकीने, कुऱ्हाडीने, मिळेल त्या साधनाने आडवे करायचे. ती संपली की दुसरी येते.

मला प्रथम राग आला तो नातवाचा, मग काकांचा. परंतु न पाहिलेल्या गोष्टीवर रुग्णाला उपदेश करणे हा आमच्या व्यवसायातला जुना दोष आहे. तो टाळावा म्हणून मी तोच खेळ माझ्या फोनवर घेतला आणि आठवडाभर रात्री जेवणानंतर खेळलो. आमच्या घरात यावरून झालेली चेष्टा इथे सांगत नाही.

पहिल्या दोन दिवशी मला तो आवडला, हे प्रामाणिकपणे नमूद करतो. दिवसभर रुग्णांच्या तक्रारी ऐकून शिणलेल्या मनाला बोट टेकविताच काहीतरी ठोस घडते आहे, याचे सुख वाटते. तिसऱ्या दिवशी लक्षात आले, की अकराव्या पायरीवरचे गोदाम आणि चौथ्या पायरीवरचे गोदाम एकच आहे. फक्त दिव्यांचा रंग पिवळ्याचा निळा केला आहे. झॉम्बींचे चेहरे मोजून सहा-सात. तेच कण्हणे, तोच उजवा पाय ओढणे. चौथ्या दिवशी मला अधिक मोठी बंदूक मिळाली. तिची शक्ती दुप्पट, पण त्याच वेळी झॉम्बींचा टणकपणाही दुप्पट झाला, म्हणजे हिशेब पुन्हा होता तिथेच. पाचव्या दिवशी मी खेळत होतो तो केवळ आकडा वाढावा म्हणून. सहाव्या दिवशी रात्री बारा वाजून गेले होते, मला मुळीच मजा येत नव्हती, आणि तरीही मी थांबलो नव्हतो.

ही अवस्था मला महत्त्वाची वाटते. आनंद संपला आहे आणि हात चालूच आहे. बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकविले जातात. चोच मारल्यावर प्रत्येक वेळी दाणा मिळाला तर कबूतर पोट भरल्यावर थांबते. दाणा कधी तिसऱ्या टोचणीला, कधी विसाव्या टोचणीला, असा अनिश्चितपणे मिळू लागला तर ते टोचतच राहते. या खेळांतील पेट्या, नाणी, 'आजचे बक्षीस' यांची मांडणी त्याच धर्तीची असते. पुढचे शस्त्र हवे असेल तर पन्नास वेळा तेच करा, नाहीतर पैसे मोजा. काकांनी अद्याप पैसे मोजलेले नव्हते. तो निवृत्त माणसाचा सावधपणा, दुसरे काय!

आपली भुते मला या झॉम्बींपेक्षा फार बरी वाटतात. मुंजा असो, हडळ असो की समंध, आपल्या प्रत्येक भुताला एक पूर्वायुष्य असते. त्याचे काहीतरी राहून गेलेले असते, त्याला काहीतरी हवे असते आणि ते दिले की ते पिंपळावरून उतरते. वेताळ तर राजाला चक्क कोडी घालतो. झॉम्बीला नाव नाही, गाव नाही, इच्छा नाही, म्हणून त्याच्याशी बोलणे नाही आणि त्याला शांतविणेही नाही. समोरचा कोणी नाहीच, अशी खात्री असल्यावाचून हजारदा तीच कृती करता येत नाही, आणि झॉम्बी नेमकी ती खात्री पुरवितो.

माझ्या भाच्याला हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मामा, तू फुकटातला माल बघून मत बनवतोयस." संगणकावरचे खेळ याहून पुष्कळ सरस असतात, असे त्याचे म्हणणे. त्याने मला 'डेड रायझिंग' दाखविला. जपानच्या कॅपकॉम कंपनीचा हा २००६ सालचा खेळ, त्याच्या जातीत नावाजलेला. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात विलामेट नावाचे काल्पनिक गाव कल्पिले आहे. तिथल्या भल्यामोठ्या मॉलमध्ये फ्रँक वेस्ट हा छायाचित्रकार-पत्रकार अडकतो. ७२ तासांनी त्याला न्यायला हेलिकॉप्टर येणार. हे ७२ तास खेळाचे. घड्याळाप्रमाणे सुमारे सहा तास होतात. तोवर हाताला लागेल ते शस्त्र. बाकडे, मोठी छत्री, गवत कापण्याचे यंत्र, काहीही. भाचा एका बाजूने झुंड कापीत निघाला आणि ते दृश्य पाहून मला हसू आले, हेही कबूल करतो. त्यात एक विनोद आहे, जो फोनवरच्या खेळात औषधालाही नव्हता.

पण त्यातही एक सन्मानचिन्ह आहे, ते मिळवायला ५३,५९४ झॉम्बी मारावे लागतात. हा आकडा आला कुठून? तर ती त्या गावाची एकूण लोकसंख्या आहे. म्हणजे गावातला एकूण एक माणूस. ते मारण्याची खेळाडूंमधली प्रसिद्ध रीत म्हणजे मॉलखालच्या बोगद्यात गाडी घालायची आणि झुंडीतून फेऱ्या मारीत राहायचे. तीच वळणे, तोच बोगदा, तासन्तास. भाच्यानेही एका सुट्टीत ते केले होते. कसे वाटले, असे विचारल्यावर त्याने खांदे उडविले. "शेवटी शेवटी झोप येत होती. पण निम्म्यावर सोडवेना."

मला त्या खेळात दुसरेच काही भावले. मॉलमध्ये झॉम्बींखेरीज जिवंत माणसेही अडकलेली असतात. त्यांना शोधून सुरक्षित खोलीपर्यंत आणता येते. कोणी घाबरलेले असते, कोणी जखमी. काहींचा हात धरून चालावे लागते, काहींना पाठीवर घ्यावे लागते. हात सुटला की ती मागे राहतात, भलत्याच वाटेला वळतात, झुंडीत शिरतात. किमान ५० जणांना वाचविले तर त्याचेही एक चिन्ह आहे. संपूर्ण खेळात एवढाच भाग असा, की ज्यात एक वेळ दुसऱ्या वेळेसारखी नसते, कारण प्रत्येक माणूस निराळा. आणि वर्षानुवर्षे खेळाडूंची मोठी तक्रार होती ती नेमकी या माणसांविषयी : ती हळू चालतात, सांगितलेले ऐकत नाहीत, खोळंबा करतात. २०२४ मध्ये या खेळाची नवी आवृत्ती निघाली तेव्हा ही माणसे आता अधिक शहाणी झाली आहेत, हे तिचे वैशिष्ट्य म्हणून सांगण्यात आले. घरी स्मृतिभ्रंशाचा रुग्ण सांभाळणाऱ्या कोणालाही ती तक्रार ऐकून काय वाटेल, ते मी सांगायला नको.

खेळाच्या आरंभीच एक प्रसंग आहे. लोकांनी मॉलच्या दारापाशी सामान रचून अडसर केलेला असतो. एका वृद्ध बाईला काचेपलीकडे आपले कुत्रे दिसते आणि ती धावत जाऊन अडसर ओढते. झुंड आत घुसते. सगळ्या अनर्थाला कारण कोण, तर एक म्हातारी, जिला समजावूनही समजत नाही. रचनाकारांना या कामासाठी म्हातारी बाईच का सुचावी, असा प्रश्न माझ्या मनात आला. भाच्याच्या मनात तो कधीच आला नव्हता.

काका पुन्हा आले तेव्हा अंगठा थोडा बरा होता. मनगट आणि अंगठा स्थिर ठेवणारा पट्टा मी त्यांना चार आठवड्यांसाठी दिला होता, दिवसातून तीन वेळा थंड शेक सांगितला होता आणि पोटात घ्यायच्या वेदनाशामक गोळ्या टाळल्या होत्या. उच्च रक्तदाबाच्या ज्येष्ठ रुग्णात या गोळ्या रक्तदाब वाढवितात आणि मूत्रपिंडांवरही ताण आणतात; दुकानातून परस्पर आणून आठवडेच्या आठवडे त्या घेणारे वाचक असतील तर त्यांनी कृपया हे वाक्य पुन्हा वाचावे. मी काकांना सांगितले, की तुमचा खेळ मीही खेळून पाहिला. त्यावर ते प्रथमच मोकळे झाले.

"डॉक्टर, दिवसभरात मी काही संपवत नाही. आंघोळ घातली, की कपडे खराब. भरवलं, की 'मला जेवायला कोणी दिलं नाही.' दुपारपासून रात्रीपर्यंत 'आई आली का, आई आली का', वीस-पंचवीस वेळा. तिथं मारलं, की मरतं. आकडा वाढतो. एवढंच."

त्यांचे म्हणणे मला पटले, आणि त्या खेळातील सर्वांत मोठी उणीवही त्याच वेळी दिसली. काकांच्या दिवसाला जे दुखणे आहे, तेच खेळालाही आहे. तीच कृती, तीच झुंड, शेवट नाही. खेळ फक्त त्यावर आकडा चिकटवितो. दिवसभराच्या आवर्तनाने थकलेल्या माणसाला रात्री दुसरे आवर्तन मिळते, आणि त्यालाच तो विश्रांती समजतो. पण त्याचे हृदय, त्याच्या शिरा, त्याचे डोळे विश्रांती घेत नाहीत. अचानक अंगावर येणाऱ्या आकृतींनी नाडी वाढते. प्रखर पडदा डोळ्यांपुढे धरल्याने झोपेची चाहूल लांबते. एकटक पाहताना पापण्या कमी मिटतात आणि डोळे सुकतात. तीन तास एकाच कुशीवर, एकाच अंगठ्याने.

निघताना काका दाराशी थांबले आणि मग परत येऊन बसले. एक गोष्ट त्यांना सांगायची होती.

त्या रात्री एक वाजला असावा. दिवे बंद, कानात आवाजाची बोंडे घातलेली. समोरच्या अंधाऱ्या बोळात काही हलल्यासारखे वाटले म्हणून त्यांनी फोनवरून मान वर केली. काकू येत होत्या. केस सुटलेले, हात पुढे केलेले, पाय फरशीवर ओढत. "मी उठलो आणि तिला ढकललं डॉक्टर. दोन्ही हातांनी. ती भिंतीवर आदळली. लागलं नाही फार. पण मी तिला ओळखलंच नाही." थोड्या वेळाने म्हणाले, "ती मला ओळखत नाही, याचं मी इतकी वर्षं वाईट वाटून घेतोय."

यावर माझ्यापाशी लगेच देण्यासारखे उत्तर नव्हते. मी त्यांचा रक्तदाब पुन्हा मोजला. डॉक्टरांना असे काहीतरी करायला असते, ही सोयच आहे.

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांविषयी बोलताना 'जिवंत प्रेत', 'फक्त कुडी उरली', 'माणूस केव्हाच गेला' असे शब्द किती सहजपणे वापरले जातात, हे मी दवाखान्यात रोज ऐकतो. सुझन बेहुनियाक या अमेरिकी राज्यशास्त्र-अभ्यासिकेने २०११ मध्ये एका शोधनिबंधात या भाषेकडेच लक्ष वेधले. अल्झायमरचे वर्णन करताना लेखक, पत्रकार आणि अभ्यासकही नकळत झॉम्बीचे रूपक वापरतात. चालणे, नजर, स्वतःला हरवणे, दुसऱ्याला न ओळखणे, सारे तेच. आणि या रूपकामुळे रुग्णाविषयी करुणेऐवजी भय व किळस निर्माण होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. काकांना हे मी सांगितले ते त्यांना दोषमुक्त करण्यासाठी नव्हे. चार महिने रोज रात्री तीन तास जो डोळा अशा आकृतीला 'कोणी नाही' म्हणून पाहायला सरावला, तो एका रात्री अंधारात चुकला, एवढेच मला म्हणायचे होते.

झॉम्बी का चालतो, याला खेळात उत्तर नसते. काकू रात्री का चालतात, याला मात्र उत्तर असते आणि ते शोधणे हे आमचे काम आहे. या आजारात मेंदूतील जैविक घड्याळ सांभाळणाऱ्या पेशींनाही हानी पोहोचते, त्यामुळे दिवस-रात्र उलटसुलट होते आणि सायंकाळनंतर अस्वस्थता वाढते. परंतु त्याखेरीज मूत्राशय भरलेले असते, बद्धकोष्ठाने पोट दुखत असते, गुडघा ठणकत असतो, थंडी वाजत असते, भूक लागलेली असते, आणि हे शब्दांत सांगता येत नसते. अचानक वाढलेल्या भ्रमामागे कित्येकदा लघवीचा जंतुसंसर्ग निघतो. तेव्हा अशी व्यक्ती उठून चालू लागते. ते तिचे बोलणेच असते.

काकूंच्या गोळ्या मी मागवून घेतल्या. लघवीचे प्रमाण वाढविणारी रक्तदाबाची एक गोळी काका सोयीसाठी बाकीच्या गोळ्यांबरोबर रात्री नऊला देत होते. ती सकाळी न्याहारीनंतर द्यायला सांगितली. (वाचकांनी आपल्या घरची गोळी माझ्या सांगण्यावरून हलवू नये, डॉक्टरांना विचारावे.) बोळात आणि संडासाच्या दाराशी मंद पिवळा दिवा लावला, सतरंजीची मुडपणारी कड काढली. दुपारची दोन तासांची झोप पाऊण तासावर आणली आणि सायंकाळी पाचला अंगणात दहा मिनिटे चालणे सुरू केले. दोन आठवड्यांत काकूंचे रात्रीचे उठणे चार वेळांवरून एक-दोन वेळांवर आले. आजार बरा झाला नाही. तो होणार नाही, हे काकांना ठाऊक आहे.

एवढे वाचून कोणी समजेल, की मी ज्येष्ठांच्या हातातून खेळ काढून घ्यायला निघालो आहे. तसे मुळीच नाही. सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अॅडम गझाली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० ते ८५ वयाच्या लोकांसाठी मोटार चालविण्याचा एक खेळ खास तयार केला. वळणाच्या रस्त्यावर गाडी सांभाळायची आणि त्याच वेळी दिसणाऱ्या खुणांकडेही लक्ष ठेवायचे. महिनाभरात बारा तास खेळल्यावर त्यांची एका वेळी दोन कामे करण्याची क्षमता सुधारली आणि ती सुधारणा सहा महिन्यांनीही टिकून होती. हे संशोधन २०१३ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात आले. त्या खेळाची खुबी अशी, की खेळणारा सुधारला की खेळही बदलत असे. माँट्रियलमध्ये ५५ ते ७५ वयाच्या व्यक्तींनी सहा महिने 'सुपर मारिओ ६४' हा वाटा शोधण्याचा खेळ खेळल्यावर स्मृतीशी निगडित मेंदूभागात वाढ दिसली, असे २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच गटाने तरुणांना ९० तास गोळीबाराचे खेळ दिले, तेव्हा जे खेळाडू जागा लक्षात न ठेवता केवळ सवयीने वळणे घेत, त्यांच्यात तोच भाग किंचित कमी झालेला आढळला. हे प्रयोग लहान आहेत. त्यांच्यावर इमले बांधू नयेत. परंतु काहीतरी नवे शोधायला लावणारा खेळ आणि तेच ते करायला लावणारा खेळ यांत मेंदूच्या दृष्टीने फरक असावा, एवढे त्यांवरून म्हणता येते.

काकांना 'व्यसनी' म्हणायलाही माझा विरोध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात खेळाचा विकार नोंदला आहे खरा. त्याला खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींहून खेळाला अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसूनही तो चालू ठेवणे, हे सारे सहसा बारा महिने असावे लागते. काकांनी एकदाही काकूंचे जेवण चुकविलेले नव्हते, एकदाही औषध विसरलेले नव्हते. ते खेळायचे ते झोपायच्या वेळेतून. स्वतःच्या वाट्याचा वेळ म्हणून दिवसात त्यांच्यापाशी दुसरी वेळ उरलीच नव्हती. घरातला शुश्रूषा करणारा माणूस रात्री फोनमध्ये बुडालेला दिसला, तर बाकीच्यांनी फोन हिसकावण्याआधी त्याच्या दिवसाचा हिशेब मांडावा.

म्हणून मी मुलाला फोन केला. काकांच्या परवानगीने केला, हे सांगायला हवे. संभाषण सुखाचे झाले नाही. वडील काही बोलले नाहीत, सगळे ठीक आहे असेच सांगत आले, असे तो म्हणाला, आणि तेही खरेच होते. अखेर आठवड्यातून तीन दिवस दुपारी चार तास एक अनुभवी बाई येऊ लागल्या. त्या वेळात काका पहिले दोन आठवडे नुसते झोपले. आता ते वाचनालयात जातात. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी १९९२ पासून काम करणाऱ्या 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' या संस्थेच्या अनेक शहरांत शाखा आहेत, आणि शुश्रूषा करणाऱ्यांचे मेळावे त्या घेतात. अशा मेळाव्याला जायला काका अजून तयार नाहीत. "तिथं जाऊन काय रडायचं?" असे म्हणतात. मी महिन्याकाठी एकदा आठवण करतो.

रात्रीसाठी काहीतरी हवेच होते. मी कॅरम सुचविला. अंगठ्यामुळे तो बाद झाला. मग पत्ते निघाले. काकू पूर्वी मेंढीकोटात तरबेज होत्या. आता डाव त्यांना कळत नाही, पण जेवण झाल्यावर टेबलावर गठ्ठा पसरला, की त्या लाल पाने एकीकडे आणि काळी पाने एकीकडे लावतात. लावून झाली की काका ती पुन्हा मिसळतात, त्या पुन्हा लावतात. वीस-पंचवीस मिनिटे. मी काकांना म्हटले, हेही तेच तेच करणे झाले की! ते म्हणाले, "हो. पण मधूनच ती राजाला बाजूला ठेवते आणि मला दाखवून हसते. का, ते कळत नाही. उद्या ठेवेल असंही नाही."

चौथ्या आठवड्याच्या शेवटी पट्टा निघाला. रक्तदाब १३८/८४, झोप सहा तास. खेळ फोनवरून काढून टाकला का, असे मी विचारले नव्हते, पण त्यांनीच सांगितले, की तो ठेवला आहे. नातू आला की दोघे मिळून अर्धा तास खेळतील, तो डाव्या बाजूची झुंड बघेल आणि हे उजव्या बाजूची. फक्त एक अडचण होती. रोज रात्री दहाच्या ठोक्याला फोन वाजतो आणि पडद्यावर येते : झुंड येत आहे, कुठे आहात? काकू दचकतात.

ही सूचना बंद कशी करायची, ते काकांना येत नव्हते. मी फोन घेऊन पाच मिनिटे खटपट केली, मलाही जमले नाही. शेवटी आमच्या दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या मुलीला बोलाविले. तिने अर्ध्या मिनिटात ती बंद केली आणि फोन काकांच्या डाव्या हातात दिला.